ॲसिट्रॉम चालू ठेवायची की नवी गोळी घ्यायची?

घरात कुणाला ‘रक्त पातळ करायची गोळी’ चालू आहे असं कळलं, की आधी पाकीट हातात घेऊन त्यावरचं नाव वाचावं. या एका नावाखाली दोन निराळ्या जातींची औषधं खपतात. इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल ही एक जात. प्लेटलेट एकमेकींना चिकटू नयेत म्हणून ती देतात, मुख्यतः हार्ट अटॅक आल्यावर किंवा स्टेंट घातल्यावर. दुसरी जात गुठळी बांधणाऱ्या प्रथिनांना अडवते. पायाच्या खोल शिरेत गुठळी झाली, हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले किंवा झडप बदलली, तर ही दुसरी जात लागते आणि तिचं काम इकोस्प्रिन करू शकत नाही. (रक्त पातळ असं कुठल्याच गोळीने होत नाही. त्याला गोठायला जास्त वेळ लागतो, एवढंच.)

इथे तुलना आहे ती या दुसऱ्या जातीतल्या जुन्या आणि नव्या गोळ्यांची. जुन्या म्हणजे वॉर्फरिन आणि ॲसिनोकोमॅरॉल. ॲसिनोकोमॅरॉल आपल्याकडे ॲसिट्रॉम याच नावाने ओळखली जाते. नव्या म्हणजे डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्सॅबॅन आणि एपिक्सॅबॅन. एडोक्सॅबॅन ही चौथीही आहे, पण पुढे ती फारशी येणार नाही.

जुनी गोळी यकृतात व्हिटॅमिन के च्या कामात अडथळा आणते. त्यामुळे गोठण्याचे चार घटक, म्हणजे २, ७, ९ आणि १० क्रमांकाचे, अर्धेकच्चे तयार होतात. रक्तात आधीपासून असलेले चांगले घटक संपेपर्यंत गोळीचा पूर्ण परिणाम दिसत नाही आणि त्यात चार-पाच दिवस जातात. सुरुवातीला तर उलटा धोका असतो. गुठळी होऊ न देणारं प्रोटीन सी फार लवकर घटतं, म्हणून पहिल्या दिवसांत रक्त उलट जास्तच गोठू शकतं. ताज्या गुठळीच्या रुग्णाला ॲसिट्रॉमबरोबर पोटात हेपॅरिनची, म्हणजे गोठणं लगेच रोखणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं देतात ती याचसाठी. ती किमान ५ दिवस आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) २ च्या वर टिकेपर्यंत द्यावी लागतात. ‘गोळी सुरू झाली, आता इंजेक्शन कशाला’ म्हणून तिसऱ्या दिवशी ती बंद करणं ही नेहमीची चूक आहे.

नवी गोळी व्हिटॅमिन के च्या वाटेला जात नाही. ती थेट एकाच घटकाला धरते: डॅबिगॅट्रान थ्रॉम्बिनला, बाकीच्या १० क्रमांकाच्या घटकाला. दोन-चार तासांत परिणाम होतो आणि साधारण एका दिवसात बराचसा उतरतो. तिचा मोठा गुण हा आणि मोठा दोषही हाच.

आधी आजार कोणता ते बघा

काही आजारांत निवडीला जागाच नाही. धातूची, म्हणजे मेकॅनिकल झडप बसवली असेल तर जुनीच गोळी, आणि ती आयुष्यभर. अशा रुग्णांवर डॅबिगॅट्रानची चाचणी झाली होती. गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे ती मध्येच थांबवावी लागली. पुढे धातूच्या झडपेच्या एका विशिष्ट बनावटीवर एपिक्सॅबॅन वापरून पाहिली, ती चाचणीही २०२२ मध्ये आवरती घेतली. शेजाऱ्याला नवी गोळी मानवली म्हणून झडपेच्या रुग्णाने ॲसिट्रॉम सोडली, तर झडपेवर गुठळी बसून ती अडकू शकते.

दुसरा गट आपल्याकडे फार मोठा आहे. लहानपणी ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेलेला आणि त्यातून डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद झालेली. यात तरुण आणि मध्यमवयीन बायका बऱ्याच असतात. ठोके अनियमित झाले की यांना गुठळीचा धोका जबर असतो. वर्षानुवर्षं असं धरून चाललं होतं की नवी गोळी निदान जुनीच्या बरोबरीची तरी ठरेल. इन्व्हिक्टस या चाचणीने ते खोटं ठरवलं. तिचा निकाल २०२२ मध्ये आला. भारतासह अनेक देशांतल्या सुमारे ४,५०० ऱ्हुमॅटिक रुग्णांत रिव्हारोक्सॅबॅनपेक्षा जुन्या गोळीवर मृत्यू कमी झाले, आणि रक्तस्राव काही जास्त झाला नाही. तेव्हा इको रिपोर्टात ‘मॉडरेट’ किंवा ‘सिव्हिअर मायट्रल स्टेनोसिस’ लिहिलेलं असेल, तर नव्या गोळीचा विषय तिथेच संपतो.

तिसरा छोटा गट म्हणजे अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम (शरीर स्वतःच गुठळ्या वाढवणारी प्रतिद्रव्यं बनवतं तो आजार), त्यातही ज्यांच्या या प्रतिद्रव्यांच्या तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह आहेत ते. इथेही जुनीच.

उरले दोन मोठे गट: झडप अरुंद नसताना ठोके अनियमित झालेले म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचे रुग्ण, आणि पायातल्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी झालेले. इथे नव्या गोळ्यांचं पारडं जड आहे. एट्रियल फिब्रिलेशनमधली एपिक्सॅबॅनची मोठी चाचणी २०११ सालची, १८,२०१ रुग्णांवरची. वॉर्फरिनच्या तुलनेत पक्षाघात आणि इतरत्र जाऊन बसणाऱ्या गुठळ्या २१ टक्क्यांनी कमी, मोठा रक्तस्राव ३१ टक्क्यांनी कमी. मेंदूतला रक्तस्राव तर सगळ्याच नव्या गोळ्यांनी कमी होतो, आणि या औषधांचा सगळ्यात वाईट परिणाम तोच असतो. पोटातल्या रक्तस्रावात मात्र चित्र वेगळं आहे. पूर्ण डोसमध्ये डॅबिगॅट्रान आणि रिव्हारोक्सॅबॅन यांत तो वॉर्फरिनपेक्षा जास्त दिसला, एपिक्सॅबॅनमध्ये वाढला नाही. अल्सर किंवा मूळव्याधीतून रक्त जाण्याचा इतिहास असेल तर नव्यांत एपिक्सॅबॅन हीच पहिली पसंती.

आयएनआर: कटकट आणि पहारा

नवी गोळी हवीशी वाटण्याचं पहिलं कारण बहुधा पीटी-आयएनआरची तपासणी असतं. बहुतेकांचा आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो. मायट्रल जागी धातूची झडप असेल तर २.५ ते ३.५. सुरुवातीला आठवड्यातून एक-दोनदा आणि स्थिर झाल्यावर महिन्यातून एकदा रक्त द्यावं लागतं.

आकडा उगाच उड्या मारत असेल तर दोष गोळीला देण्याआधी नळीकडे बघा. आयएनआरचं रक्त निळ्या झाकणाच्या नळीत घेतात. तिच्यात रक्त गोठू न देणारं सायट्रेट आधीच भरलेलं असतं आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण जमावं लागतं. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट जास्त होतं आणि आयएनआर खोटाच वाढून येतो. मग डॉक्टर डोस कमी करतात आणि पुढच्या वेळी आकडा धाडकन खाली येतो. शीर सापडली नाही म्हणून ‘एवढं पुरे’ म्हणणाऱ्याला नळी पूर्ण भरायला सांगा, नाहीतर दुसरी नळी घ्यायला लावा. शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये जा.

वॉर्फरिन आणि ॲसिट्रॉममध्येही फरक आहे. वॉर्फरिन शरीरात दीड-पावणेदोन दिवसांत निम्मं होतं, ॲसिट्रॉम आठ-दहा तासांतच. म्हणून ॲसिट्रॉमचा एक डोस चुकला तरी आकडा हलतो. वॉर्फरिनचा आकडा सहसा अधिक ठाम राहतो. कुठलीही घेतली तरी संध्याकाळी ठरलेल्या वेळी घ्यावी, म्हणजे सकाळच्या रिपोर्टावरून त्याच दिवशीचा डोस बदलता येतो. ॲसिट्रॉम १, २, ३ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळते आणि गोंधळ इथेच होतो. ‘एक दिवस २, एक दिवस ३’ असं सांगितलेलं असतं, घरात ४ ची पट्टीही पडलेली असते, आणि आजोबा ‘एक गोळी’ म्हणून तीच घेतात. डोस बदलला की जुन्या ताकदीची पट्टी घरात ठेवू नये. कॅलेंडरवर त्या दिवशीचे मिलिग्रॅम लिहावेत. ‘एक’, ‘अर्धी’ असं लिहू नये.

आता दुसरी बाजू. नव्या गोळीला आयएनआर लागत नाही, म्हणजे गोळी खरंच पोटात जाते की नाही हे कुणालाच कळत नाही. ॲसिट्रॉम विसरणाऱ्याचा आयएनआर १.२ आला की डॉक्टर विचारतात. एपिक्सॅबॅन विसरणाऱ्याला विचारायला कुणी येत नाही, त्याला थेट पक्षाघातच सांगतो. गोळ्या विसरण्याची खोड असेल आणि घरात कुणी लक्ष ठेवणारं नसेल, तर दिवसातून दोनदा घ्यायची गोळी ही सोय नाही, जोखीम आहे.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. फ्रेल-एएफ या डच चाचणीत पंचाहत्तरीपुढच्या, अशक्त, पण जुन्या गोळीवर व्यवस्थित चाललेल्या रुग्णांना नव्या गोळीवर हलवून पाहिलं. २०२३ मध्ये निकाल आला: हलवलेल्यांत रक्तस्राव कमी होण्याऐवजी वाढला. तिथले बरेच रुग्ण आपल्यासारखे ॲसिनोकोमॅरॉलवरच होते. म्हणजे ८० वर्षांच्या आजीचा आयएनआर दोन वर्षं २.२, २.५, २.४ असा येत असेल, तर केवळ नवीन निघालंय म्हणून तिची गोळी बदलू नये. हाच आकडा १.५ वरून ५ वर झोके खात असेल तर गोष्ट वेगळी. गेल्या सहा महिन्यांतले रिपोर्ट मांडा. दहांतले निदान सहा-सात तरी रेंजमध्ये येत नसतील तर बदलाचा विचार करायला हरकत नाही.

मूत्रपिंड, आणि ‘नॉर्मल’ क्रिएटिनिन

नव्या गोळ्या कमी-अधिक प्रमाणात मूत्रपिंडातून बाहेर पडतात: डॅबिगॅट्रान सुमारे ८० टक्के, रिव्हारोक्सॅबॅन एक तृतीयांश, एपिक्सॅबॅन जेमतेम पाव. म्हणून सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) लागतं, पण नुसतं क्रिएटिनिन फसवतं. उदाहरण घ्या: ७८ वर्षांच्या बाई, वजन ४८ किलो, क्रिएटिनिन १.१. रिपोर्टात पुढे लाल खूणही नाही. आता हिशेब करा. १४० मधून वय वजा केलं: ६२. गुणिले वजन: २,९७६. भागिले ७२ गुणिले १.१, म्हणजे ७९.२: आलं ३७.६. बाई असल्यामुळे गुणिले ०.८५: उरले ३२. मूत्रपिंडाची सफाई मिनिटाला ३२ मिलिलिटर, तरुणपणच्या मानाने एक तृतीयांशाच्या आसपास.

या बाईंना एट्रियल फिब्रिलेशनसाठी रिव्हारोक्सॅबॅन २० नव्हे, १५ मिलिग्रॅम लागेल. डॅबिगॅट्रान शक्यतो नकोच. एपिक्सॅबॅनचा नियम निराळा आहे. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, या तिनांपैकी दोन गोष्टी जुळल्या तरच ५ ऐवजी २.५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. या बाईंची एकच जुळते, म्हणून डोस पूर्ण ५ चा. ‘वय झालंय, बारीक आहेत, अडीचच देऊ’ असा अंदाजपंचे डोस बराच दिला जातो. त्याने रक्तस्राव टळेलच असं नाही, पक्षाघातापासूनचं संरक्षण मात्र अपुरं पडतं.

सफाई ६० च्या खाली असेल तर तो आकडा दहाने भागा. जे उत्तर येईल तितक्या महिन्यांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासा. या बाईंच्या बाबतीत दर तीन महिन्यांनी. म्हणजे नव्या गोळीत रक्त तपासणं पूर्ण सुटत नाही. जुलाब, उलट्या किंवा उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर आधीच.

स्वयंपाकघर आणि उपवास

ॲसिट्रॉम चालू असताना पालेभाजी बंद, हा सल्ला चुकीचा आहे. पालक, मेथी, शेपू, माठ, अळू, कोथिंबीर यांत व्हिटॅमिन के भरपूर असतं. पण त्रास भाजीचा नसतो, चढउताराचा असतो. आठवड्यातून तीनदा वाटीभर खात असाल तर तेवढीच खात राहा, डोस त्याप्रमाणे बसतो. गडबड होते ती श्रावणात, रोज अळूचं फदफदं आणि भाज्यांचा मारा सुरू झाला की: आयएनआर घसरतो. आजारपणात अन्न तुटलं की उलटं होतं आणि आकडा वर चढतो. फोडणीतला लसूण, चहातलं आलं चालतं. त्यांच्या अर्काच्या कॅप्सूल नकोत.

नव्या गोळीला भाजीचं सोयरसुतक नाही, पण रिव्हारोक्सॅबॅनला जेवणाचं आहे. १५ आणि २० मिलिग्रॅमची गोळी भरल्या पोटी घेतली तरच पूर्ण शोषली जाते. रिकाम्या पोटी २० ची घेतली तर दोन तृतीयांशच अंगी लागते. एकादशीला किंवा नवरात्रात ती चहाबरोबर घेऊ नका, दिवसातल्या सगळ्यात मोठ्या फराळाबरोबर घ्या. निर्जळी उपवास करणाऱ्यांनी एपिक्सॅबॅनचा पर्याय विचारावा. तिला अन्न लागत नाही, पण दोन वेळा पाणी पिऊन गिळावी लागेलच.

डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडून, पाण्यात कालवून देऊ नये. दाणे उघडे पडले की औषध जरुरीपेक्षा खूप जास्त शोषलं जातं. तिला दमटपणाही सोसत नाही, म्हणून आठवड्याच्या डबीत काढून ठेवू नये, विशेषतः कोकणातल्या पावसाळ्यात. गिळताना घोटभर नव्हे, पेलाभर पाणी घ्यावं आणि लगेच आडवं होऊ नये, नाहीतर छातीत जळजळतं. नळीतून अन्न घेणाऱ्यांसाठी एपिक्सॅबॅन बरी. ती कुटून पाण्यातून देता येते.

बरोबरची औषधं

दोन्हींचा समान शत्रू म्हणजे गुडघेदुखीवर आपल्या मनाने घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन. दुखण्यावर पॅरासिटॅमॉल घ्या. ती रोज पूर्ण डोसमध्ये चालली तर ॲसिट्रॉमवाल्यांनी आयएनआर लवकर बघावा.

ॲसिट्रॉमचा परिणाम वाढवणारी यादी लांबलचक आहे. नेहमी सापडणारी नावं: मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमॉक्साझोल, फ्लुकोनाझोल, अमिओडॅरॉन. जुलाबावर मेट्रोनिडाझोलचा पाच दिवसांचा कोर्स घेऊन आयएनआर ६ वर जाणं नवं नाही. असं औषध सुरू झालं की तीन ते पाच दिवसांत तपासणी करावी.

क्षयरोगाचा रुग्ण असेल तर इथेच निर्णय होतो. रिफॅम्पिसिन दोन्ही प्रकारच्या गोळ्यांचा परिणाम पाडते. ॲसिट्रॉमचा डोस आयएनआर बघत वाढवता येतो, कधी दुप्पट-तिप्पटही. नव्या गोळीत परिणाम किती उरला हे मोजायची रोजची सोय नाही. म्हणून टीबीच्या उपचारात नवी गोळी टाळतात. टीबीचा कोर्स संपला की ॲसिट्रॉमचा वाढवलेला डोस पुढच्या दोन-तीन आठवड्यांत उतरवावा लागतो, आणि हे विसरलं जातं. फिटच्या फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिनचंही गणित असंच.

चुकलेली गोळी, दात, ऑपरेशन, अपघात

गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही, हा नियम सगळ्यांना लागू. ॲसिट्रॉम आणि दिवसातून एकदाची रिव्हारोक्सॅबॅन त्याच दिवशी आठवली तर घ्या, नाहीतर सोडा. डॅबिगॅट्रानच्या पुढच्या डोसला सहा तासांपेक्षा कमी उरले असतील तर चुकलेली सोडून द्या.

एक-दोन दात काढायला ॲसिट्रॉम सहसा बंद करावी लागत नाही. आदल्या दिवशीचा आयएनआर ३.५ च्या आत हवा. दातांचे डॉक्टर टाका घालतात, कापूस दाबायला देतात, ट्रॅनेक्सॅमिक आम्लाच्या चुळा सांगतात. मोठ्या ऑपरेशनला वॉर्फरिन पाच दिवस आधी आणि ॲसिट्रॉम दोन-तीन दिवस आधी थांबवतात. नवी गोळी छोट्या प्रक्रियेला एक दिवस, मोठ्याला दोन दिवस आधी. मूत्रपिंड कमजोर असेल तर डॅबिगॅट्रान त्याहून आधी. इथे नवी गोळी सरळ सरस आहे: मधल्या काळात हेपॅरिनची इंजेक्शनं लागत नाहीत.

अपघातात मात्र जुनीला उतारा सगळीकडे मिळतो: व्हिटॅमिन के चं इंजेक्शन आणि प्लाझ्मा. डॅबिगॅट्रानचा उतारा म्हणजे इडारुसिझुमॅब, पण ते प्रत्येक रुग्णालयात नसतं. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने याचा विचार करावा, आणि हेही लक्षात घ्यावं की नव्या गोळीचा परिणाम वेळ गेला की आपसूक उतरतो. डोक्याला मार लागला तर गोळी कुठलीही असो, बाहेर जखम नसली तरी सीटी स्कॅन करावा. डांबरासारखी काळी शी किंवा लाल लघवी दिसली तर त्याच दिवशी दाखवा. लोहाच्या गोळीनेही शी काळपट होते, ते सांगायला विसरू नका.

गरोदरपणात नवी गोळी नाही. जुनीनेही सहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाला व्यंग येऊ शकतं. दिवस राहण्याचा विचार असेल तर आधीच बोलावं. बहुतेकींना हेपॅरिनच्या इंजेक्शनांवर आणतात. धातूची झडप असलेल्यांचा निर्णय हृदयरोग आणि प्रसूती तज्ज्ञ मिळून करतात. बाळ अंगावर पीत असताना वॉर्फरिन चालते, नवी गोळी नाही. मासिक पाळीतला रक्तस्राव रिव्हारोक्सॅबॅनवर बराच वाढू शकतो. पॅड तासाला बदलावं लागत असेल तर तसंच सांगा आणि हिमोग्लोबिन बघा.

खर्च

ॲसिट्रॉमची गोळी स्वस्त, पण हिशेब महिन्याचा करायचा: गोळ्या, आयएनआर तपासणी, लॅबपर्यंतचा प्रवास, बरोबर येणाऱ्याची बुडालेली रोजी. दुसरीकडे एपिक्सॅबॅनच्या ६० किंवा रिव्हारोक्सॅबॅनच्या ३० गोळ्या. पेटंट संपल्यावर भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि भाव बरेच उतरले, त्यामुळे मूळ ब्रँडचा भाव ऐकून घाबरू नका. त्याच औषधाचा जेनेरिक भाव दोन दुकानांत विचारा. मात्र पैशांअभावी महिन्याचे शेवटचे आठ दिवस गोळी बंद राहणार असेल, तर नवी घेऊ नका. तिचा परिणाम दिवसात उतरतो.

बदलायचं ठरलं तर

ॲसिट्रॉम बंद करून त्याच संध्याकाळी एपिक्सॅबॅन सुरू करायची नसते. आयएनआर २ च्या खाली आल्याचा रिपोर्ट हातात आला की पहिली गोळी. ॲसिट्रॉममध्ये याला दोन-तीन दिवस, वॉर्फरिनमध्ये आणखी जास्त लागतात. ताज्या गुठळीत थेट नवीवर सुरुवात होते तेव्हा डोस आधी मोठा असतो: एपिक्सॅबॅन १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा ७ दिवस, मग ५ मिलिग्रॅम दोनदा. रिव्हारोक्सॅबॅन १५ मिलिग्रॅम दोनदा २१ दिवस, मग २० एकदा. डॅबिगॅट्रान सुरू करण्याआधी मात्र किमान पाच दिवस इंजेक्शनं लागतात. आठव्या किंवा बाविसाव्या दिवसाची तारीख पाकिटावर पेनाने लिहून ठेवा. त्या तारखेला डोस बदलायचा राहून जातो, किंवा गोळ्या संपल्या म्हणून औषधच बंद होतं.

आणि जुन्या गोळीच्या सगळ्या पट्ट्या घरातून बाहेर काढा: देवघराजवळच्या डबीतली, पर्समधली, गावाला जायच्या पिशवीतलीसुद्धा. दोन्ही गोळ्या एकदमच घेतल्या जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मागे राहिलेली एखादी पट्टी.